कुलगुरू कोणास उत्तरदायी?



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते या परिसरातील एक शिक्षक होते, आणि शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलावयाचे तर शिक्षणाच्या कारभाराविषयी बोलावे असे मला वाटले. विद्यापीठांचा कारभार निरनिराळ्या देशांत कसा चालतो व त्यांचे नेतृत्व कोण करतो हा विषय मी कळविला, तेव्हा तो गावास जड जाईल अशी शंका व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एकाने काढली. मला ती पटली नाही. ज्ञानगंगेच्या काठच्या या पिंपळगाव राजा गावातील मुलगी बारावीनंतर खामगावच्या महाविद्यालयात जाते, तिच्या परीक्षेचे शुल्क अमरावतीच्या विद्यापीठात जमा होते, तिने काय वाचावे हे विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरविते, आणि तीन-चार वर्षांनी हाती पडणाऱ्या पदवीपत्रावर ज्या कुलगुरूची सही असते, त्याचे नाव तिच्या घरात कोणाला ठाऊक असतेच असे नाही. जिल्हाधिकारी कोण, तहसीलदार कोण, हे आपण जाणतो, कारण सातबाऱ्याशी आणि पीकपाण्याशी त्यांचा संबंध असतो; पण आपल्या मुलामुलींच्या उमेदीची वर्षे ज्या संस्थेच्या दफ्तरात नोंदली जातात, ती कोणाच्या हुकमाने चालते आणि हुकूम करणारा कोणापुढे जाब देण्यास उभा राहतो, हे विचारण्याचा आपला प्रघात नाही. तो पडावा, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

या बाबतीत वऱ्हाडचा अनुभव मोठा विलक्षण आहे. १८५३ च्या तहाने हा मुलुख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला, पण मालकी नावापुरती निजामाचीच राहिली. म्हणून मध्यप्रांतासाठी झालेला कायदा वऱ्हाडास वेगळ्या जाहीरनाम्याने लागू करावा लागे. उच्च शिक्षणाचेही तसेच. नागपूरची महाविद्यालये प्रथम कलकत्ता विद्यापीठाला आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. वऱ्हाडातून कोणी नागपूरला जाई, कोणी मुंबई-पुण्याची वाट धरी, आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे शिकले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात. १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले, त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले, आणि १ मे १९८३ रोजी अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. म्हणजे हा प्रदेश जागचा हलला नाही, पण त्याच्या विद्येची राजधानी पुनःपुन्हा बदलली, आणि दर खेपेस ती कोठे असावी हे येथील विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला कोणी विचारले नाही.

विद्यापीठाचा जो घाट १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे उभा राहिला, तो लंडन विद्यापीठावरून घेतला होता. आणि त्या काळचे लंडन विद्यापीठ शिकवीत नसे, परीक्षा घेई व पदव्या देई. हे ध्यानात ठेवल्यावाचून आपल्या विद्यापीठांचा स्वभाव उलगडत नाही. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती. सरकारने तहहयात नेमलेले फेलो हीच सिनेट, म्हणजे अधिसभा. आणि कुलगुरू म्हणून बहुधा एखादा न्यायमूर्ती किंवा बडा अधिकारी, जो आपले मूळ काम सांभाळून फावल्या वेळात विद्यापीठाकडे पाही. पहिले कुलगुरू सर विल्यम यार्डली न्यायाधीश होते. १८९२ साली या पदावर आलेले पहिले हिंदी गृहस्थ काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि पुढे आलेले नारायण गणेश चंदावरकर हेही. तेलंगांची विद्वत्ता वादातीत होती, त्यांच्यानंतर कुलगुरू झालेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांविषयी तर बोलावयासच नको. परंतु ज्या पदावर ते बसले त्याची बांधणी कचेरीची होती. कचेरीत वरून आज्ञा येते, खालून अर्ज जातो, आणि शिकविणारा व शिकणारा हे दोघेही अर्जदारांच्या रांगेत उभे राहतात.

लॉर्ड कर्झन यांनी १९०४ च्या कायद्याने हा घाट अधिकच आवळला. फेलोंची संख्या शंभरावर जाऊ नये, त्यांची मुदत पाच वर्षांची असावी, आणि जुन्या तीन विद्यापीठांतही निवडून आलेले फेलो वीसच असावेत, बाकीचे बहुतेक कुलपतीने नेमावेत, अशी त्याची तरतूद होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात या विधेयकाला नेटाने विरोध केला. त्या विरोधाला एक वजन होते, कारण गोखले ज्या संस्थेतून आले होते तिने निराळ्या रीतीचा कारभार करून दाखविला होता.

ती संस्था म्हणजे पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि माझ्या मते, शिक्षणसंस्थेच्या नेतृत्वाविषयी महाराष्ट्राने जगापुढे ठेवावा असा सर्वांत मोलाचा प्रयोग हाच होय. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली सोसायटी स्थापन झाली, १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. तिचा मूळ नियम असा की जे शिकवितील त्यांनीच संस्था चालवावी. वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतलेले शिक्षक हे आजीव सभासद, म्हणजे त्या काळच्या भाषेत लाइफ मेंबर. दरमहा पंच्याहत्तर रुपयांच्या आसपासचा समान पगार. आणि अंतर्गत कारभाराचा निर्णय त्यांच्या मंडळात बहुमताने. प्राचार्य हा त्यांच्यातलाच एक. वामन शिवराम आपटे गेल्यावर गोपाळ गणेश आगरकर त्या जागी आले. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता त्याच तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, ते प्रतिज्ञेला बांधलेले आजीव सभासद म्हणून.

या मंडळातली भांडणेही आपण जवळून पाहिली पाहिजेत, कारण स्वशासनाची खरी परीक्षा भांडणात होते. टिळकांचा आग्रह असा की जेझुइट पाद्र्यांप्रमाणे आजीव सभासदाने सर्व शक्ती संस्थेलाच द्यावी, बाहेरची प्राप्ती संस्थेच्या खात्यात जमा व्हावी, पगार वाढवू नये. आगरकरांना संसाराच्या ओढाताणीत पगारवाढ न्याय्य वाटे. पुढे गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले तेव्हा वाद विकोपाला गेला, आणि डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी आपले म्हणणे सविस्तर लिहून राजीनामा दिला. संस्थेचा संस्थापक आपल्याच सहकाऱ्यांच्या बहुमतापुढे हरला व बाहेर पडला. कोणा सरकारी अधिकाऱ्याने त्याला काढले नाही, कोणा धनिक विश्वस्ताने दुसऱ्याला पुढे केले नाही, आणि संस्थाही मोडली नाही. मला या घटनेत महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक फार मोठी गोष्ट दिसते. संस्थापकालाही नियम लागू असतो हे येथे प्रत्यक्ष घडले. आज खाजगी शिक्षणसंस्थांत अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे जाताना आपण पाहतो तेव्हा १८९० ची ती कटू सभा मला फार आठवते.

आता बाहेरच्या जगाकडे वळू. युरोपातील विद्यापीठांच्या आरंभीच दोन रीती दिसतात. पॅरिसला अध्यापकांचा संघ म्हणजे विद्यापीठ. इटलीतील बोलोन्या येथे मात्र विद्यार्थ्यांचा संघ म्हणजे विद्यापीठ. बोलोन्याला कायदा शिकण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून प्रौढ विद्यार्थी येत, ते आपल्यातूनच रेक्टर निवडीत, आणि शिक्षकाला त्या रेक्टरची आज्ञा पाळण्याची शपथ घ्यावी लागे. घंटा होताच शिक्षकाने व्याख्यान सुरू केले नाही तर दंड, पुढची घंटा झाल्यावरही बोलत राहिला तर दंड. एका दिवसाची रजा हवी असली तरी विद्यार्थ्यांची परवानगी, आणि गाव सोडून जावयाचे असेल तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवावी लागे. पाच श्रोतेही जमले नाहीत तर तो गैरहजर समजून दंडास पात्र. ही व्यवस्था टिकली नाही, कारण पुढे शिक्षकांचे पगार नगराच्या तिजोरीतून होऊ लागले आणि ज्याची तिजोरी त्याचा अंमल या न्यायाने सत्ता नगराकडे गेली. कारभाराच्या सनदा तपासताना पैसा कोणत्या वाटेने येतो हे आधी पाहावे, ते यासाठीच.

ऑक्सफर्डने पॅरिसची रीत पुढे नेली. तेथे कुलपती हा मानाचा धनी, आणि अखेरचा शब्द अध्यापकवर्गाच्या सभेचा. जानेवारी १९८५ मध्ये त्या सभेने, शिक्षणावरील खर्चाच्या कपातीचा निषेध म्हणून, खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी देण्याचा प्रस्ताव ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला, आणि त्या बाई ऑक्सफर्डच्याच पदवीधर होत्या. असा ठराव आपल्याकडील एखाद्या अधिसभेत येईल काय, आणि आला तर मोजणीपर्यंत पोहोचेल काय, हे श्रोत्यांनी आपापल्या मनाशी ठरवावे.

स्कॉटलंडची रीत आपल्याला अधिक जवळची वाटावी, कारण वऱ्हाडचा एक थोर पुत्र ती डोळ्यांनी पाहून आला होता. १९२० साली विलायतेस गेलेले पंजाबराव देशमुख एडिंबरोला शिकले आणि पुढे ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. एडिंबरोत विद्यापीठाच्या कोर्टाचे, म्हणजे वरच्या सभेचे, अध्यक्षस्थान ज्याच्याकडे असते तो रेक्टर त्या काळी विद्यार्थी मतदानाने निवडीत. १९२० मध्ये लॉइड जॉर्ज आणि १९२३ मध्ये स्टॅन्ली बॉल्डविन असे निवडले गेले. रोजचा कारभार प्रिन्सिपलकडे, पण त्याच्या वरच्या सभेच्या आसनावर विद्यार्थ्यांच्या मताचा माणूस. परत आल्यावर पंजाबराव प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि कुणब्याच्या, माळ्याच्या, गरिबाच्या मुलांना महाविद्यालयाचे दार उघडून दिले. वऱ्हाडातील उच्च शिक्षणावर त्यांचे ऋण एवढे आहे की ते निराळे सांगावयास नको.

जर्मनीत प्राध्यापक सरकार नेमी, परंतु रेक्टर प्राध्यापकांनी आपल्यातूनच एका वर्षासाठी निवडावयाचा. १८१० साली स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाची कीर्ती या स्वातंत्र्यावर उभी राहिली. आपल्या इरावती कर्वे १९२८ साली तेथेच संशोधनाला गेल्या. परंतु ते स्वातंत्र्य काय ते वरिष्ठ प्राध्यापकांचे होते. प्रिव्हाटडोत्सेंट म्हणून शिकविणाऱ्या विद्वानाला ना नियमित पगार, ना मत. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर त्याने गुजराण करावी. १९३३ साली नाझी सत्ता आली आणि रेक्टर वरून नेमले जाऊ लागले, ज्यू प्राध्यापक बडतर्फ झाले, तेव्हा त्या मानी प्राध्यापकसभांतून सामुदायिक प्रतिकार उभा राहिला नाही. थोड्यांच्या हाती राहिलेले स्वशासन संकटाच्या वेळी थोड्यांच्याच बळावर उभे असते, असा याचा अर्थ मी लावतो.

जपानचे उदाहरण याच्या उलट. १९१३ साली क्योतोच्या शाही विद्यापीठाचे प्रमुख सावायानागी यांनी सात प्राध्यापकांना आपल्या अधिकारात काढले, तेव्हा विधिशाखेच्या प्राध्यापकांनी एकजुटीने राजीनामे पुढे केले, आणि नेमणूक-बडतर्फीस प्राध्यापकसभेची संमती हवी हे तत्त्व शिक्षणखात्याला मान्य करावे लागले. २००४ सालच्या सुधारणेने तेथील राष्ट्रीय विद्यापीठे स्वतंत्र निगम झाली, प्रमुखाचे अधिकार वाढले आणि प्राध्यापकांच्या मताचे वजन घटले. आपला जपानशी संबंध जुना आहे: धोंडो केशव कर्व्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली त्यांनी हिंदुस्थानातील पहिले महिला विद्यापीठ सुरू केले, तेही सरकारी सनदेची वाट न पाहता, मातृभाषेतून शिकविण्याचा निश्चय करून. भांडारकर त्याचे कुलपती, परांजपे त्याचे कुलगुरू. त्याच सुमारास निजामाच्या फर्मानाने हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही देशी भाषेचे, पण दरबारच्या मर्जीवर चालणारे.

अमेरिकेत विद्यापीठाची मालकी विश्वस्तांच्या मंडळाकडे असते आणि ते मंडळ अध्यक्ष नेमते. अध्यक्ष बलवान, कधी कधी सर्वाधिकारी. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा तेथे निकोलस मरे बटलर हे असेच बलवान अध्यक्ष होते. त्याच काळात, १९१५ साली, अमेरिकेतील प्राध्यापकांनी आपला संघ स्थापिला. त्याचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई, आणि अध्यापनस्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख एडविन सेलिग्मन. हे दोघेही बाबासाहेबांचे गुरू. बाबासाहेब निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी कोलंबियाच्या विश्वस्तांनी युद्धविरोधी मतांसाठी कॅटेल व डेना या दोन प्राध्यापकांना काढले, आणि इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी, स्वतः युद्धाच्या बाजूचे असूनही, त्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला.

असा वारसा घेऊन आलेले बाबासाहेब १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलले, तेव्हा त्यांनी असा प्रश्न उभा केला की जो ऑक्सफर्डला किंवा बर्लिनला सुचला नव्हता. सिनेट स्वायत्त असावी, हे खरे. पण तिच्यात बसणार कोण? ज्यांना शतकानुशतके विद्येचा स्पर्श होऊ दिला नाही, त्यांच्यात पदवीधर थोडे, म्हणून मतदार थोडे, म्हणून निवडून येणारा कोणी नाही. मग त्यांच्या शिक्षणाची काळजी त्या सभेत कोण वाहणार? म्हणून मागासलेल्या वर्गांना सिनेटात प्रतिनिधित्व मिळावे, अशी त्यांची मागणी होती. राष्ट्रीय बाण्याच्या मंडळींना सरकारी नेमणूक हा परकी हस्तक्षेप वाटे, आणि तो होताही. परंतु ज्याला दारातच अडविले आहे त्याला दार उघडण्याचा दुसरा उपाय त्या वेळी कोणता होता, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. मी फर्ग्युसनच्या आजीव सभासदांची एवढी थोरवी गाइली, तिला ही मर्यादा जोडलीच पाहिजे: ते मंडळ मुख्यतः एका जातीच्या विद्वानांचे होते. ज्या स्वशासनात नव्या माणसाला प्रवेश नाही, ते देशमुखी-देशपांडेपणाच्या वतनासारखे होते. सेवा आटोपते आणि हक्क मात्र उरतो.

ज्या संतांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्यांनी हे वर्म फार सहज ओळखले होते. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, त्यांचा कारभार विश्वस्तांकडे दिला आणि स्वतः खराटा घेऊन पुढच्या गावी निघाले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

आजची आपली व्यवस्था २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ठरते. राज्यपाल कुलपती, शोधसमितीने सुचविलेल्या नावांतून ते पाच वर्षांसाठी कुलगुरू नेमतात, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, अभ्यास मंडळे ही त्याखालची रचना. २०२१ च्या डिसेंबरात मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याचे आणि कुलगुरूच्या निवडीत सरकारचा शब्द वाढविण्याचे विधेयक विधिमंडळात संमत झाले, त्यावर मोठा गदारोळ उडाला, आणि पुढे सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. राजभवन की मंत्रालय हा तो वाद होता. दोन्ही बाजूंची भाषणे मी लक्षपूर्वक वाचली, आणि मला खेद एवढ्याचाच झाला की कुलगुरू कोणी नेमावा यावर एवढे बोलणारी मंडळी, नेमलेल्या कुलगुरूला वर्षभर प्रश्न कोणी विचारावेत याबद्दल फारसे बोललीच नाहीत.

ते काम अधिसभेचे आहे. वर्षातून निदान दोनदा ती भरते, वार्षिक अहवाल व जमाखर्च तिच्यापुढे येतो, आणि तिच्यात शिक्षकांचे, प्राचार्यांचे, संस्थाचालकांचे प्रतिनिधी असतात त्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सभासदही असतात. १९१८ साली दक्षिण अमेरिकेत कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांनी जे आंदोलन केले त्यातून विद्यार्थी, प्राध्यापक व पदवीधर यांनी मिळून विद्यापीठ चालविण्याची रीत निघाली, आणि त्या खंडात ती शिक्षणाची मोठी मिरास समजली जाते. आपल्याकडे पदवीधरांचा तो हक्क कायद्यात शांतपणे पडून आहे. त्या दहा जागांपैकी पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव आहेत, म्हणजे १९२७ चा प्रश्न या कायद्याने आपल्यापुरता तरी मान्य केला आहे. परंतु अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या पाच जिल्ह्यांतून जे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात, त्यांतील फार थोडे आपले नाव मतदारयादीत नोंदवितात. आणि जी नोंदणी होते ती बहुधा उमेदवारांनी आपल्या सोयीने करविलेली असते.

ही उदासीनता आळसाची आहे असे मी म्हणत नाही. ज्याने विद्यापीठ फक्त परीक्षेच्या वेळी पाहिले, गुणपत्रिकेतील नावाची वेलांटी सुधारण्यासाठी ज्याला एसटीने दीडशे किलोमीटरांवर जाऊन खिडकीपुढे उभे राहावे लागले, त्याला ही संस्था आपली वाटावी कशी? १८५७ ची कचेरी अजून संपलेली नाही. पण ती संपविण्याचा जो मार्ग कायद्याने दिला आहे तो येथून, या वाचनालयातून जातो. अधिसभेच्या कामकाजाचे इतिवृत्त आणि वार्षिक अहवाल मागवून येथे वृत्तपत्रांच्या शेजारी ठेवावेत, अशी माझी चालकांना विनंती आहे. आपल्या जिल्ह्यातून निवडून आलेल्या सभासदांना वर्षातून एकदा येथे बोलवावे. त्यांनी सभेत कोणते प्रश्न मांडले, वसतिगृहांवर किती खर्च झाला, निकाल किती दिवसांनी लागले, रिक्त जागा किती भरल्या, हे त्यांनी उभे राहून सांगावे आणि गावाने बसून ऐकावे, शंका विचाराव्यात. आणि पुढची मतदारनोंदणी जाहीर होईल तेव्हा या गावातील पदवीधर मुली, ज्यांची लग्ने होऊन आडनावे बदलली म्हणून ज्यांचे अर्ज मागे राहतात, त्यांची नावे आधी भरून घ्यावीत, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे जमविण्यास तरुण मंडळींनी घरोघर जावे.